जव्हारचा समुद्रकिनारा मी विंचरत असे

मागच्या थंडीत ठाण्याचे व्याही आले होते, त्यांना जव्हारजवळचा शिरपामाळ दाखवायला नेलं. तिथे एक तरुण गाइड घोळका जमवून बोलत होता. महाराजांचा मुक्काम इथे कसा पडला ते त्याने छान सांगितलं. मग खिशातून एक शिंपला काढला, तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "हा याच माळावर सापडला. म्हणजे फार पूर्वी इथपर्यंत समुद्र होता." लोकांनी शिंपल्याचे फोटो काढले. एका बाईंनी त्याला हात जोडले. व्याही माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट, तुम्ही कधी बोलला नाहीत."

कसा बोलणार? तो शिंपला मीच टाकलेला होता.

डहाणूच्या बाजारातून मी तसल्या शिंपल्यांची गोणी आणली होती. आमच्या शेठच्या रिसॉर्टची वाट दाखवायला माळापासून खाली उतारापर्यंत त्यांची रांग घालायची होती. पाटी कोणीही लावतो, शेठ म्हणाले, आपलं गिऱ्हाईक शिंपले वेचत वेचत आलं पाहिजे. पहिलं कुटुंब खरोखरच सगळे शिंपले वेचत आलं, आणि त्यांच्या मागून येणारे लोक मोखाड्याला पोचले. मग पाटी लावली. पण दगडांच्या सांदीत राहिलेले चार शिंपले आता इतिहासात चालले आहेत, आणि उद्या एखादं पोर परीक्षेत लिहून येईल. म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीविषयी लिहा" म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. जव्हारला समुद्र कधीच नव्हता. मधली काही वर्षं एक होता, तो आमच्या शेठचा होता, आणि त्याचा किनारा रोज सकाळी विंचरायचं काम माझ्याकडे होतं.

मी साखरशेतचा. घरची भाताची आणि नाचणीची थोडी शेती. शेठ ठाण्याचे, इमारती बांधणारे. जव्हारला थंड हवा आहे, धबधबे आहेत, पण ठाण्या-मुंबईच्या माणसाला सुट्टी म्हटली की बीच लागतो, आणि बीचवर घामाने जीव जातो, असं त्यांचं निरीक्षण होतं. थंड हवेतला बीच कोणाकडेच नाही. त्यांनी मोखाड्याच्या रस्त्याला माळरान घेतलं, मोठा खड्डा खणला, त्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, पाणी भरलं, एका बाजूला वाळू पसरली आणि 'दर्यागिरी बीच रिसॉर्ट' अशी कमान उभी केली. मला आधी खड्डा खणायला घेतलं होतं. तो खणून झाला तेव्हा शेठ म्हणाले, "गोविंद, आता जाऊ नको. आता तू बीचमास्तर."

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खऱ्या किनाऱ्याला भरती येते आणि रात्रीतून सगळं सपाट करून जाते. आमच्याकडे ते मी करायचो. पहाटे दाताळं घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळू ओढायची, डोक्याचे केस विंचरतात तशी. मग मोठी चाळणी. चाळणीत काय यायचं? शेंगदाण्याची टरफलं, कुरकुऱ्यांची पाकिटं, केसांच्या पिना, आइस्क्रीमचे चमचे, एकदा मंगळसूत्राची वाटी, आणि दर सोमवारी न चुकता एका पायातला मोजा. दोन्ही मोजे कधीच नाही. शेवटी पाण्याची झारी फिरवायची, म्हणजे वाळू उडत नाही आणि पहिल्या गिऱ्हाइकाला आपणच पहिलं पाऊल उमटवलं असं वाटतं. या पहिल्या पावलासाठी लोक भांडायचे.

लाटांचं काम जानूकडे होतं. पाण्याच्या पलीकडच्या टोकाला बांबूच्या तट्ट्यामागे एक रुंद फळी बिजागरीवर बसवलेली होती. जानू तिच्यामागे उभा राहून ती ढकलायचा. ढकलली की लाट. जोरात ढकलली की मोठी लाट. जानू बिडी प्यायला बसला की ओहोटी. जेवून त्याची झोप लागायची, तेव्हा शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे की इकडचा समुद्र दुपारी शांत असतो, डोंगराळ भाग आहे ना. पाणी गोड लागतं अशी तक्रार एकाने वहीत लिहिली, तर शेठने दुसऱ्या दिवशी पाटी लावली, 'समुद्राचे पाणी पिऊ नये.' तक्रार बंद झाली.

तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. एका नवरदेवाने वाळूत बदामाच्या आत दोघांची नावं काढली आणि मला बजावलं की हे पुसायचं नाही. मी कितीतरी दिवस त्या बदामाला वळसा घालून दाताळं फिरवलं, शेतातल्या देवाच्या दगडाभोवती नांगर फिरवतात तसं. पुढे तो पुन्हा आला, सोबत तीच बायको, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तिने येता येताच चपलेने त्याचं नाव पुसलं आणि स्वतःचं ठेवलं. त्याने मला विचारलं, "याला जबाबदार कोण?" मी म्हटलं, भरती.

आता खेकड्यांकडे येतो, कारण सगळं तिथूनच अडकलं आहे.

एका लहान मुलीने दिवसभर वाळू उकरली आणि संध्याकाळी शेठला सांगितलं की तुमच्या बीचवर खेकडे नाहीत, म्हणजे हा बीच खोटा आहे. शेठ हादरले. मला म्हणाले, "काही कर, पण खेकडा पाहिजे." खेकडा म्हटल्यावर आमच्या गावात एकच नाव. माझ्या थोरल्या भावाची बायको, गंगा वहिनी. भाऊ लवकर गेला. दोन पोरं पदरात. पावसाळ्यात वहिनी काठीला गांडुळं बांधून बिळात सारायची, खेकडा नांगीने ती धरायचा आणि काठीबरोबर बाहेर यायचा. काठी नसेल तर कोपरापर्यंत हात घालायची. पंचक्रोशीत कोणाचा हात असा चालत नव्हता. घरी कालवण व्हायचं, उरलेले जव्हारच्या बाजारात जायचे. तिची मुख्य जागा म्हणजे गावाखाली नदीचं वळण. तिथे वाळूचा रुंद पट्टा होता, काळसर, मऊ, मध्ये मध्ये चमकणारे पांढरे कण. पट्ट्याच्या कडेला जिथे वाळूत माती मिसळते तिथे खेकड्यांची बिळं, पाण्यालगत वाळूत शिंपले. वळणाचा खेकडा गोड, असं सगळं गाव म्हणायचं.

म्हणायचं म्हणजे, त्या वेळेपर्यंत म्हणणं बंद झालं होतं. कारण वळणावर वाळूच राहिली नव्हती. त्याच्या आदल्या साली पुराने नेली.

हे पुराचं वाक्य माझं आहे. ते मी रचलं, पहिल्यांदा मी बोललो, आणि इतकं चांगलं बसलं की आता गावात त्याच्यावरून वयं मोजतात. "वळण नेलं त्या पुरात माझा धाकटा झाला" असं लोक म्हणतात.

खरं असं की शेठला मऊ वाळू हवी होती. दुरून आणायची तर परवडत नव्हती. मी म्हटलं, आमच्या नदीच्या वळणावर आहे. मला कोणी विचारलंही नव्हतं. खड्डा खणून झाला होता, नोकरी संपत होती, आणि तोंडातून गेलं. शिमग्यानंतर निम्मं गाव वीटभट्टीवर आणि ठाण्याच्या कामांवर गेलेलं असतं. वहिनीही पोरांना घेऊन भट्टीवर गेली होती. ट्रॅक्टर आले आणि वाळू घेऊन गेले. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं, पण त्यांना वाटलं रस्त्याचं काम निघालं असेल. आमच्याकडे रस्त्याचं काम कायम निघणार असतंच. लोक परतले तेव्हा पाऊस लागला होता, नदी भरून चालली होती, वळण पाण्याखाली. पाणी उतरलं तेव्हा खाली नुसते गोटे. वहिनी काठावर उभी होती. मी शेजारी. तिने विचारलं, "भावजी, वाळू कठं गेली?" आणि मी म्हणालो, पूर केवढा होता यंदा.

तर त्या वहिनीकडे मी बीचसाठी खेकडे मागायला गेलो. ती शेतातल्या बांधावरचे खेकडे टोपलीत आणून देऊ लागली. पहिल्या दिवशी तिने बीच पाहिला, जानूला तट्ट्यामागे फळी ढकलताना पाहिलं आणि त्याला विचारलं, "जानू, हे कशासाठी करतोस?" जानू म्हणाला, लाट येते. "आल्यावर?" जानूने विचार केला आणि म्हणाला, परत जाते. वहिनी टोपली ठेवून बराच वेळ हसत बसली.

खेकड्यांनी धंदा वाढला. पोरं किंचाळायची, बाप पळायचे, आया फोटो काढायच्या. पण खेकडे टिकत नसत. शनिवारी सोडलेले सोमवारी नाहीत. कुठे जातात ते मला कळत नव्हतं. वहिनीला वाटायचं मी खातो.

आणि मग अप्पांची कवळी हरवली.

समुद्रकाठच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम वडिलांना घेऊन आल्या होत्या. अप्पा जेवून वाळूत आडवे झाले, कवळी काढून उशाला रुमालावर ठेवली आणि घोरू लागले. उठले तर रुमाल आहे, दात नाहीत. खेकड्याने नेले की बीळ ढासळून घसरले, यावर आजही जानूचं आणि माझं एकमत नाही. मी दाताळं फिरवलं, चाळणी लावली, तीन चमचे आणि एक मोजा मिळाला. अप्पा तोंडावर हात धरून काहीतरी बोलत होते, ते कोणालाच कळत नव्हतं, आणि ते शिव्या देत आहेत एवढं सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात वहिनी टोपली घेऊन आली. तिने रुमालाची जागा पाहिली, शेजारचं बीळ पाहिलं, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"लागला," ती म्हणाली.

सगळे गोल करून उभे. वहिनीने हात बाहेर काढला. हातात दातांची पूर्ण रांग, वरची, गुलाबी हिरड्यांसकट. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे मला म्हणाली, "भावजी, हा लय म्हातारा खेकडा आहे."

अप्पांनी कवळी आमच्या समुद्रात खळबळून धुतली, तोंडात बसवली, चूळ भरली, आणि त्या दुपारचं त्यांचं पहिलं स्पष्ट वाक्य आलं, "पाणी गोड आहे."

हसून झाल्यावर मॅडम त्या बिळापाशी बसल्या. त्या समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या जिवांचाच अभ्यास करत होत्या, हे तेव्हा कळलं. खेकडे, शिंपले, किडे, अळ्या, डोळ्याला दिसतील न दिसतील असे. मी विचारलं, आमचे खेकडे राहत का नाहीत? त्या म्हणाल्या, "काका, हे शेतातले खेकडे आहेत, यांना ओली माती हवी. पण समुद्रावरचे आणले असते तरी राहिले नसते. तुम्ही रोज सकाळी काय करता?"

विंचरतो, मी म्हणालो. थोड्या अभिमानानेच.

"तुम्ही विंचरता ते त्यांचं घर आहे."

मग त्यांनी नीट समजावलं. खऱ्या समुद्रावरही जिथे गर्दी असते तिथे हेच होतं. माणसांच्या पायांनी बिळं ढासळतात, गाड्या फिरल्या की आतले जीव चिरडतात. किनारा स्वच्छ दिसावा म्हणून यंत्राने वाळू ओढतात, त्यात कचऱ्याबरोबर वाहून आलेलं शेवाळ आणि पालाही जातो, आणि ते तर त्यांचं जेवण. रात्रभर दिवे चालू ठेवले की रात्री बाहेर पडणारे बिचारे गोंधळतात. मागे हॉटेलं आणि भिंती आल्या की वाळूला सरकायला जागा राहत नाही. किनारा सुंदर दिसतो, लोक येतात, आणि खाली कोणी नसतं. मला त्यांचं म्हणणं पटलं, पण राग आला. इतकी वर्षं केलेलं काम कोणी असं दोन वाक्यांत उलटं करून ठेवलं तर येतोच. मी म्हटलं, "मग विंचरू नको तर काय करू?" त्या म्हणाल्या, "थोडी जागा सोडा. एका कोपऱ्याला हात लावू नका." मी शेठला विचारलं. शेठ म्हणाले, गिऱ्हाइकाला वाटेल मास्तर आळशी आहे.

पण त्या दिवशी जाताना मॅडमनी अजून एक प्रश्न विचारला. "ही वाळू कुठून आणली?"

"गुजरातहून," मी म्हणालो.

"मग तिथल्या खेकड्यांचं काय झालं असेल?"

मी म्हणालो, तिथे नसतील. वहिनी अजून तिथेच बसली होती. तिचा हात वाळूत होता. तिने मूठभर वाळू उचलली, तळव्यावर पसरली, उन्हात धरली, झटकली आणि टोपली उचलून निघाली. मला वाटलं, दात काढून दमली.

त्या दिवसापासून वहिनीचे खेकडे एका नांगीचे येऊ लागले. प्रत्येकाची एक नांगी मोडलेली. मी विचारलं तर म्हणाली, पोरांना चावायला नको. मला पटलं. शेठना तर इतकं आवडलं की कमानीवर एका नांगीचा खेकडा रंगवून घेतला, आणि खाली लिहिलं, 'फक्त आमच्याकडे.'

दर्यागिरी बंद पडलं ते खेकड्यांमुळेच. शनिवारचे जे खेकडे सोमवारी दिसत नव्हते, त्यातले काही कुठेच गेले नव्हते. ते खाली गेले होते. वाळूखाली ओली माती शोधत शोधत प्लास्टिकच्या कागदापर्यंत पोचले आणि उरलेल्या एका नांगीने त्यांनी तो फाडला. एका रविवारी भर गर्दीत पाणी उतरू लागलं. शेठ आधी म्हणाले, ओहोटी आहे. जानूने पार जीव तोडून फळी ढकलली. संध्याकाळपर्यंत मधोमध चिखल, चिखलात पोहायच्या कपड्यातली माणसं, आणि चिखलातून सावकाश बाहेर निघालेले, एका नांगीचे, गुटगुटीत खेकडे. समुद्र आटलेला मी त्या दिवशी पाहिला. शेठने पुन्हा कागद घातला, तो पुन्हा फाटला, आणि मग ते ठाण्याला परत गेले. कमान अजून उभी आहे. वाळूवर तण माजलं आहे.

मी सत्तरी ओलांडली. गुडघे बोलतात. वाटलं होतं हे सगळं असंच मिटेल. पण शिरपामाळला तो शिंपला पाहिला आणि माझी झोप गेली. मी टाकलेल्या शिंपल्याचा समुद्र झाला, तर मी रचलेल्या पुराचं काय होईल? वहिनीचे नातू तोच पूर सांगत मोठे होणार. आणि वळण गेलं त्याची किंमत कोणी दिली होती, ते मला ठाऊक होतं. त्या साली पहिल्यांदा वहिनी भर पावसात ठाण्याला इमारतीच्या कामावर गेली. पोरं माझ्याकडे ठेवून. पावसाळ्यात घर चालवायचं ते वळण होतं, आणि ते मी उचलून शहरातल्या लोकांच्या पायाखाली अंथरलं होतं.

सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, सांगायच्या आधी वाळू तरी परत नेऊ. शेठना फोन केला. ते म्हणाले, "ने सगळी. तणसुद्धा ने."

मग मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून जीपने साखरशेतच्या फाट्यापर्यंत न्यायला लागलो. जीपवाला गोण्यांना माणसांसारखं मोजायचा आणि पुढच्या सीटवर बसवायचा, मला मागे. फाट्यावरून डोक्यावर घेऊन उतारावर, आणि वळणावर ओतायची. विंचरायची नाही, नुसती ओतायची. हात शिवशिवायचे.

गावात लोक बघत होते. म्हातारा वाळू घेऊन नदीवर जातो, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. नदीवरून वाळू घेऊन जाताना माणसं पाहिली आहेत, उलटं कोणी पाहिलेलं नाही. मग त्यांनी आपल्या सोयीने सुलट करून घेतलं, आणि कोणीतरी कळवलं की गोविंद वाळू चोरतो. एक दिवस सरकारी गाडी आली. साहेब तरुण होते, बोलायला चांगले. मी गोणी ओतत होतो.

"आजोबा, ही वाळू कुठून काढली?"

"बीचवरून."

"कुठल्या बीचवरून?"

"जव्हारच्या."

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, होता साहेब, मी पोहलोय. साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. "आणि नेता कुठे?"

"इथे. नदीत."

"विकायला?"

"नदीला?"

साहेबांनी हातातला कागद उलटसुलट केला. नदीतून वाळू काढली तर काय करायचं, हे त्यांना पाठ होतं. नदीत घातली तर काय, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. तोपर्यंत गाव जमलं होतं. शेवटी त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "ही वाळू याच नदीची आहे कशावरून? तुम्ही दुसरीकडून चोरून इथे लपवत असाल."

आता सांगणं भाग होतं. मी तोंड उघडलं, आणि आवाजच निघेना. अप्पांची कवळी गेली तेव्हा त्यांचं जे झालं होतं ते माझं झालं.

वहिनी लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन काठावर उभी होती. तिने मोळी टेकवली, खाली आली, गोणीत हात घातला, तळव्यावर वाळू पसरून साहेबांना दाखवली.

"ही आमची आहे, साहेब. वळणाची. आमच्या भावजींनी शेठला दिली होती, आता परत आणतात. आणू द्या."

कोणीतरी मागून म्हणालं, "वळण तर पुराने नेलं ना?"

"पूर ट्रॅक्टरमधून आला होता," वहिनी म्हणाली.

आजोबांना ऊन लागू देऊ नका असं साहेबांनी गावाला सांगितलं आणि गाडी वळवली. गाव हळूहळू पांगलं. जाताना एकजण आपल्या धाकट्याचं वय आता कशावरून मोजायचं असं विचारत होता. मी गोट्यांवर बसलो. वहिनी उभी होती.

"तुला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"दात काढला त्या दिवशी. हाताला कळलं."

"बोलली का नाहीस?"

"तुमची वाट बघत होते. ठाण्याला गेले त्या पावसात, तुम्ही स्टँडवर सोडायला आला होतात. माझी पिशवी धरून. तेव्हा तरी तुम्ही आपणहून सांगायला पाहिजे होतं."

मी गोणीत उरलेली वाळू गोट्यांवर ओतली. तीच पुढे म्हणाली, "म्हणून तर नांगी मोडून देत होते. चांगल्या नांगीत मांस असतं. ती आम्ही खात होतो." आणि मोळी उचलायला मला हाक मारली.

त्यानंतर गावातली चार माणसं गोण्या उचलायला येऊ लागली, जानूही आला. सगळी वाळू काही परत गेली नाही. जाणारही नाही. पट्टा होता त्याच्या पासंगालाही हे पुरणार नाही, आणि पहिल्या पुराने, या वेळी खऱ्या, त्यातलीही बरीच खाली नेली. पण नदीने आपल्या मनाने थोडी काठाशी ठेवली, मातीच्या बाजूला. आम्ही तिथे कोणाला पाय ठेवू देत नाही. दाभोसाचा धबधबा बघून परतणारे काही पर्यटक परवा गाडी धुवायला खाली उतरले होते, त्यांना जानूने हाकललं. लाट येते, म्हणाला.

यंदा भात पोटरीला आलं तेव्हा वहिनी मला वळणावर घेऊन गेली. वाळू आणि माती मिळते तिथे एक बीळ होतं, तोंडाशी ताज्या मातीच्या गोळ्या. वहिनी आता खाली बसते ती माझा खांदा धरून. पदर खोचून तिने हात आत घातला, कोपरापर्यंत. आत चाचपलं. मग हात बाहेर काढला. काळा, ओला, रागावलेला खेकडा, दोन्ही नांग्या शाबूत. वळणाचा.

मी हात पुढे केला.

वहिनीने खेकडा मला नीट पाहू दिला, वळवून, दोन्ही बाजूंनी, आणि परत बिळाच्या तोंडाशी सोडला. तो मागे मागे सरकत आत गेला.

"हा नाय भावजी," ती म्हणाली. "तुम्हाला एका नांगीचा."